गुणवत्ता मानांकनाची पूर्वतयारी

संस्थेच्या दर्शनी भिंतीवर ‘आयएसओ मानांकित’ ही अक्षरे दिसली की पालकांना दिलासा वाटतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी व अंगणवाड्यांनी असे मानांकन मिळवले आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज वसतिगृहे, दवाखाने, पतसंस्था सांभाळतात. त्यांच्यापुढेही हा प्रश्न केव्हातरी येतोच. म्हणून या तयारीचे स्वरूप येथे मांडत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जिनिव्हा येथील आयएसओ ही संघटना केवळ मानके तयार करते. प्रमाणपत्र कोणालाही देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचे आहे. अशा संस्थांना अधिस्वीकृती देणारे मंडळ आपल्या देशात भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत काम करते. शुल्क भरण्यापूर्वी ही अधिस्वीकृती अवश्य पाहावी. प्रत्यक्ष भेट न देता आठवड्याभरात प्रमाणपत्र घरपोच करणाऱ्यांची बाजारात वाण नाही. त्यांच्या कागदाची किंमत काचेच्या चौकटीपेक्षा अधिक नसते.

आयएसओ ९००१ हे मानक सर्व प्रकारच्या संस्थांसाठी आहे. शिक्षणसंस्थांसाठी २०१८ साली आयएसओ २१००१ हे स्वतंत्र मानक आले. तयारी म्हटले की जाडजूड गुणवत्ता पुस्तिका लिहायला घेण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत त्या पुस्तिकेची सक्ती उरलेली नाही. आपण काय करतो, ते कोण करतो आणि ते झाले हे कशावरून कळते, एवढे स्पष्ट असावे लागते. परीक्षक गृहपालांशी बोलतो, तसाच स्वयंपाकघरातील मावशींशीही बोलतो. त्यांना मानकाचे कलम पाठ नसले तरी चालते. तांदूळ कोठीतून कोणत्या क्रमाने काढायचा हे ठाऊक असले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या अंतर्गत परीक्षणात मी सहभागी होतो. पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेची नोंदवही वरवर निर्दोष होती. दर सोमवारी टाकी धुतल्याची नोंद आणि शेजारी स्वाक्षरी. पाने उलटता उलटता दिवाळीच्या सुट्टीतील सोमवार आला. वसतिगृहाला कुलूप होते, तरी टाकी धुतलेली! सहा महिन्यांच्या साऱ्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. मदतनीसाला मी दोष देत नाही. टाकी तो बहुतेक वेळा धुतही असे. परंतु परीक्षण जवळ आल्याने वरिष्ठांनी त्याला मागील पाने भरायला बसवले होते. पाने कोरी असती तर विसंगती म्हणून ती नोंदवून पुढे जाता आले असते. एका खोट्या नोंदीने मात्र खऱ्या सोमवारांवरचाही विश्वास उडाला. ते पाणी मुले पीत होती. उद्या त्यांच्या पोटदुखीचे कारण शोधायचे ठरले असते, तर त्या वहीचा काडीचा उपयोग नव्हता.

म्हणून बाह्य परीक्षणापूर्वी किमान तीन-चार महिने नोंदी प्रत्यक्ष काम चालू असतानाच होऊ द्याव्यात. मग अंतर्गत परीक्षण करावे. ज्याचे काम त्यानेच तपासू नये. सापडलेल्या त्रुटींवर व्यवस्थापनाने बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त ठेवावे. आजारी मुलांच्या खोलीत मुदत संपलेले औषध सापडले, तर ते फेकून देणे ही झाली दुरुस्ती. मुदत तपासण्याचे काम कोणाकडेच का नव्हते, हे शोधून ते कोणाकडे तरी सोपवणे ही सुधारात्मक कृती. परीक्षक दुसरीबद्दल विचारतो, आणि बहुतेक संस्था पहिलीवरच थांबलेल्या असतात.

बाह्य परीक्षण दोन टप्प्यांत होते : आधी कागदपत्रे व सिद्धता, नंतर प्रत्यक्ष कामकाज. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. मधल्या काळात दरवर्षी देखरेख परीक्षण होते आणि त्यात मागील विसंगतींचे काय झाले हे तपासले जाते.

त्या वसतिगृहाने पुढे नोंदवही कार्यालयातून काढून टाकीजवळच्या खोलीत ठेवली, दोरीला पेन बांधून. पहिल्या तीन महिन्यांत तिच्यात दोन सोमवार कोरे होते. परीक्षकांनी विचारले तेव्हा मदतनीसाने न घाबरता सांगितले : एकदा तो तापाने पडून होता, एकदा नळाला पाणीच आले नव्हते. त्याच्या गैरहजेरीत टाकी कोणी धुवायची, हे त्याच दुपारी ठरले.