लघुचित्राची पारख

छायाचित्रणाची कला अवगत होण्यापूर्वी माणसाचे रूप जतन करण्याचे काम चित्रकाराच्या कुंचल्याकडे असे. तळहातावर अथवा पोथीच्या पानावर मावतील अशी कितीतरी व्यक्तिचित्रे त्या काळी काढली गेली. त्यांना लघुचित्रे म्हणतात. शिवाजी महाराजांचे असेच एक चित्र अ‍ॅमस्टरडॅम येथील राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या शैलीत ते कागदावर रंगविले गेले. त्याच्या प्रतिकृती मात्र आपल्याकडे अनेक घरांत आढळतात.

वारजे येथील एका घरी अशीच एक प्रतिकृती पितळी चौकटीत बसविलेली होती. ‘हे अस्सल चित्र आहे, तेही हस्तिदंतावरचे,’ असे कोणीतरी आजीबाईंना सांगितले होते. नातवाच्या शिक्षणासाठी ते विकावे, असे घरात घाटत होते. तेव्हा त्याची पारख करणे भाग पडले.

प्रथम भिंग घ्यावे. हाताने रंगविलेल्या चित्रात केसासारख्या बारीक रेषा दिसतात. जुने चित्रकार खारीच्या केसांचा कुंचला वापरीत. छापील चित्रात निळे, तांबडे, पिवळे व काळे ठिपके दाटीने बसलेले असतात. लबाडी अशी, की छापील चित्रावर दागिने तेवढे हाताने रंगवितात. म्हणून दागिन्यांना न भुलता गाल व कपाळ पाहावे. या चित्राच्या कपाळावर ठिपके स्पष्ट होते. मोती तेवढे रंगाने उठविलेले होते.

हस्तिदंताच्या अंगच्या रेषा किंचित वाकड्यातिकड्या असतात. येथे त्या पट्टीने आखल्यासारख्या होत्या. म्हणजे ते प्लॅस्टिक! तापलेली सुई टोचून परीक्षा घेणारे महाभागही असतात. त्यांच्या हाती चित्र कधीही देऊ नये.

पाठीमागची बाजू अधिक बोलकी निघाली. चौकट करणाऱ्याच्या चिठ्ठीवर सहा आकडी पिनकोड होता. ही पद्धत आपल्या देशात 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. जुन्या चित्राला नवी चौकट बसविता येते, हे खरे. केवळ चिठ्ठीवरून निकाल देता आला नसता. परंतु भिंगाची साक्ष तिच्याशी जुळली.

प्रतिकृती करणाऱ्याने कोणाला फसविले नव्हते. तिला ‘अस्सल’ म्हणणाऱ्याने फसविले होते.

काही शे रुपयांपलीकडे मोल नाही, हे ऐकून आजीबाई क्षणभर गप्प राहिल्या. शुल्काची तजवीज पुढे त्यांनी पाटल्या मोडून केली. चित्र पुन्हा भिंतीवर लागले. लावण्यापूर्वी नातवाने त्याच्या पाठीवर एक कागद डकविला आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘प्रतिकृती. मूळ चित्र अ‍ॅमस्टरडॅम येथे आहे.’