जेफरसनसाहेब आणि साखर

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन मूळचे शेतकरीच. जेवणात भाजीपाला मुख्य, मांस नुसतं तोंडी लावण्यापुरतं! १७८५ मध्ये त्यांनी भाच्याला पत्रातून बजावलं : रोज दोन तास व्यायाम कर, चालण्याइतका चांगला दुसरा नाही, आणि कोणी बघत नसलं तरी सगळं जग बघतंय असं समजून वाग.

उसाची साखर गुलामांच्या घामावर होते, म्हणून १७९१ साली त्यांनी मॅपलची झाडं लावली. त्या झाडाच्या रसाचीही साखर होते. बहुतेक रोपं मेली. पण स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाकडे जन्मभरात सहाशेवर गुलाम होते, हे कसं विसरायचं? १८२६ मध्ये वारले ते कर्जबाजारी. जानेवारी १८२७ च्या लिलावात गुराढोरांबरोबर माणसंही विकली गेली.