भाजकाबाहेरची माणसे

चि. वसंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्यात किती माणसे कमी करता येतील याचा तक्ता करण्याचे काम तुझ्याकडे आले आहे आणि उत्पादकता वाढली की समाजाचे कल्याण आपसूक साधते अशी तुझी धारणा आहे, असे पत्रावरून दिसते. तुझ्या शास्त्राची मी अवहेलना करीत नाही. तेवढ्याच श्रमात अधिक कापड निघू लागले म्हणूनच गरिबाच्या अंगावर धड वस्त्र आले. तथापि उत्पादकता हा अखेर एक भागाकार आहे, आणि भाजक कोणी ठरविला हे विचारल्यावाचून उत्तराखाली सही करू नये.

मुंबईच्या गिरणीमालकांनी १९२८ च्या सुमारास विणकराला दोनांऐवजी तीन माग सांभाळावयास लावण्याचा घाट घातला, तेव्हा दरमाणशी कापड वाढणार हे गणित बिनचूक होते. परंतु ज्याचे माग दुसऱ्याकडे जाणार तो चाळीत रिकामा बसला, तरी भाजकातून वजा होणार होता. गिरणीची उत्पादकता मोजणारे दप्तर होते, गिरणगावाची मोजणारे नव्हते. त्या वर्षीचा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, तो केवळ मजुरांच्या आडमुठेपणाने, असे निदान तू तरी म्हणू नकोस.

आणि तो विणकर बहुधा रत्नागिरी-साताऱ्याकडचा. त्याची बायको गावी चिखलात लावणी करी, सासूसासऱ्यांची दुखणी काढी, पोरे वाढवी, आणि तो आजारी होऊन किंवा संपात उपाशी राहून परतला की त्यालाही पोसी; गिरणीला मजूर स्वस्त पडला तो या बाईच्या जिवावर, पण मस्टरवर तिचा अंगठा कधी उमटला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब १९३४ साली सिनेटपुढे ठेवणाऱ्या सायमन कुझ्नेट्सने गृहिणींचे श्रम आपण धरले नाहीत हे नमूद केले होते, आणि अशा आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडू नये असा इशाराही त्याच अहवालात दिला होता. आकडा सर्वांनी उचलला. इशाऱ्याचे काय झाले ते तू अर्थशास्त्राच्या वर्गात पाहिलेच असशील.

तेव्हा तक्त्यात एक रकाना वाढव: कमी झालेली माणसे पुढे कोठे गेली. साहेब तो खोडतील. तरी पहिल्या मसुद्यात असू दे. आणि परिचारिकांनी ताशी किती रोगी उरकावेत, हे ठरविण्याचे काम एखाद्या इस्पितळाकडून आले, तर होकार देण्याआधी दोन रात्री तेथील वॉर्डात बसून ये.

कळावे,
तुझा काका