हरितगृहातील लाल कोळी : विलंबाची किंमत

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याभोवती वसलेल्या नगराने दुर्ग जिल्ह्यातील भाजीपाल्याला हक्काची बाजारपेठ मिळवून दिली. पुढे २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाने शेडनेट व हरितगृहांच्या उभारणीस अनुदानाचे पाठबळ दिले. तथापि, कर्ज व अनुदान यांतून उभ्या राहिलेल्या या भांडवलाची परतफेड कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरच्या एका जिवामुळे धोक्यात येते. तो जीव म्हणजे लाल कोळी.

प्रादुर्भावाचे स्वरूप

लाल कोळी हा कीटक नसून आठ पायांचा, कोळीवर्गातील जीव आहे. पानाच्या खालच्या बाजूस राहून तो पेशीरस शोषतो. पानावर प्रथम बारीक पांढुरके ठिपके पडतात, नंतर पान पिवळे पडते व अखेरीस जाळी दिसू लागते. उष्ण व कोरडी हवा त्याला मानवते. ३० अंश सेल्सिअसच्या सुमारास अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठवडाभरात पूर्ण होते. छताखाली त्याला धुऊन काढणारा पाऊस नसतो आणि नैसर्गिक शत्रूंचा शिरकावही कमी असतो.

समजा, ही संख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते. मग पंधरा दिवसांचा विलंब म्हणजे बत्तीस पट प्रादुर्भाव होय. जाळी दिसल्यावर केलेला खर्च म्हणूनच बहुधा वाया जातो.

अधिक फवारणी, अधिक खर्च

अनेक सर्वसाधारण कीटकनाशके लाल कोळ्याला मारत नाहीत, परंतु त्याच्यावर जगणारे मित्रकीटक नष्ट करतात. परिणामी, फवारणीनंतर प्रादुर्भाव वाढल्याचा अनुभव येतो. एकच कोळीनाशक वारंवार वापरल्यास प्रतिकारक्षमता निर्माण होते, आणि तिचा भुर्दंड शेजारच्या शेतकऱ्यालाही बसतो. दीर्घकाळ वापरात असलेल्या डायकोफॉलचा २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत समावेश झाला आणि भारतानेही २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. रसायनांवरच विसंबून राहण्याची मर्यादा यातून स्पष्ट होते.

उपाययोजनेचा क्रम

१. आठवड्यातून दोनदा दहापट भिंगाने पानांची खालची बाजू तपासावी. दार, कडा व उष्ण कोपरे आधी पाहावेत.

२. प्रादुर्भावग्रस्त पाने बंद पिशवीत भरून बाहेर न्यावीत व नष्ट करावीत. आतील व भोवतालचे तण काढावे.

३. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पाने सायंकाळपूर्वी सुकतील अशी वेळ निवडावी, अन्यथा बुरशीचा धोका संभवतो.

४. भक्षक कोळी उपलब्ध असल्यास प्रादुर्भाव अल्प असतानाच सोडावेत. युरोपातील काचगृहांत ही पद्धत १९६० च्या दशकापासून रुजली आहे.

५. रसायन अपरिहार्य ठरल्यास त्या पिकासाठी शिफारस असलेले कोळीनाशकच वापरावे. पुढील फवारणीस वेगळ्या गटातील औषध घ्यावे व काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा.

६. पीक संपताच सर्व अवशेष हलवूनच नवी लागवड करावी.

अनुदानाची दिशा

पाइप व प्लास्टिक यांवरील खर्च दिसतो, मोजता येतो. निरीक्षणाचे कौशल्य मात्र हिशेबात येत नाही. हरितगृहाच्या अनुदानास भिंग व चार दिवसांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जोड मिळाली, तर मूळ गुंतवणुकीच्या मानाने तो खर्च नगण्य ठरेल. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले छत टिकावयाचे असेल, तर त्याखालील पान वेळेवर उलटून पाहणारा हातही घडविला पाहिजे.