फुगा, पेला आणि एक फुटलेली बरणी

आज रात्री मेसमध्ये एक प्रयोग करून पाहा. स्टीलच्या सरळ, उभ्या पेल्यात साधा फुगा सोडा आणि तोंडाने फुगवा. फुगा आतून चारी बाजूंनी घट्ट बसला की त्याचं तोंड चिमटीत धरून वर उचला. पेला त्याच्याबरोबर वर येतो! ना हूक, ना गोंद, नुसती हवा.

कारखान्यातला 'इन्फ्लेटेबल न्यूमॅटिक ग्रिपर' म्हणजे हाच फुगा, फक्त जाड रबराचा. मी पडले कॉन्व्हेंटची, मराठी शब्द सुचेना. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, पकड म्हण की!" तर ही फुगणारी पकड.

घरची सांडशी भांड्याला एकाच जागी चिमटते. सगळा जोर तिथेच. लोखंडी जबड्याचंही तेच. रबरी फुगा मात्र जिथे टेकतो तिथे सगळीकडे सारखा दाबतो. शिवाय भिंतीवरचा दाब आतल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त होऊच शकत नाही. म्हणून रेग्युलेटर कमी ठेवला की नाजूक वस्तूही सांभाळून उचलता येते.

आता थोडं गणित (घाबरू नका, व्हायवा नाही). बरणीचा आतला व्यास ६० मिमी, फुगा टेकतो ती उंची ५० मिमी. क्षेत्रफळ झालं सुमारे ९,४०० चौ. मिमी. दाब १ बार, म्हणजे दर चौ. मिमीला ०.१ न्यूटन, एकूण जोर ९४० न्यूटन. घर्षणांक ०.५ धरला तर पकड ४७० न्यूटनची, म्हणजे जवळपास ४८ किलो वजन! पण चारचा फॅक्टर ऑफ सेफ्टी धरला की उरतात १२, आणि रबर ताणण्यात काही दाब खर्च होतो म्हणून त्याहूनही कमी. भिंतीला तेल लागून घर्षणांक ०.१ झाला, तर ४८ चे साडेनऊच राहतात. म्हणजे उचलते हवा, पण धरून ठेवतं घर्षण.

उद्योगात याचे प्रकार बरेच आहेत. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात रबरी बाही आतल्या बाजूला फुगून बाटलीची मान धरते आणि एका वेळी अख्ख्या क्रेटच्या बाटल्या उचलल्या जातात. कागदाच्या मोठ्या रिळाच्या पोकळ गाभ्यात 'एअर शाफ्ट' घालून तो आतून फुगवतात. तिसरा प्रकार रबरी बोटांचा: बोटाची एक बाजू ताणते, दुसरी ताणत नाही, त्यामुळे हवा भरली की बोट वाकतं. २०११ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अशाच मऊ पकडीने कच्चं अंडं न फोडता उचलून दाखवलं.

हे सगळं वाचून आम्हीही मिनी-प्रोजेक्टला सायकलच्या ट्यूबची पकड केली. काचेची रिकामी बरणी मस्त वर आली. आम्ही टाळ्या वाजवतोय तोच कॉम्प्रेसरकडचा पाइप फिटिंगमधून निसटला. फुस्स! बरणी थेट खाली, लॅबमधल्या काकांच्या पायापासून वीतभर अंतरावर. काका रागावले नाहीत. काचा गोळा करता करता म्हणाले, "पोरी, हवा गेली तर काय, हे आधी विचारायचं."

त्या रात्री झोप लागली नाही. चूक साधी होती. आमचा नॉन-रिटर्न व्हॉल्व होता कॉम्प्रेसरजवळ. मधला पाइप सुटल्यावर त्याचा उपयोग शून्य! तो फुग्याच्या तोंडाशीच हवा; मग पाइप गेला तरी आतली हवा आतच राहते. वस्तू सोडायची असेल तेव्हा वेगळ्या पायलट हवेने तो उघडायचा. दाब उतरला तर यंत्र थांबवणारा प्रेशर स्विचही पाहिजे. आणि फुगाच पंक्चर झाला तर? तिथे कुठलाच व्हॉल्व वाचवत नाही. म्हणून वस्तू गरजेपेक्षा उंच न्यायची नाही आणि तिच्याखाली कुणी उभं राहायचं नाही.

दुसरी पकड आम्ही याच हिशोबाने केली. परीक्षकांसमोर मी स्वतःच पाइप उपटला. बरणी हलली नाही. काका दारात उभे होते, त्यांनी फक्त मान डोलावली. मार्क किती पडले ते आता आठवत नाही, पण ती मान आठवते.

तेव्हा प्रयोग जरूर करा, पण पेला मेसचा आहे, जपून!