वाफ आणि आभास



आपण ज्यास जग म्हणतो तो एखाद्या महासंगणकात चाललेला आभास तर नसेल? हा प्रश्न आज आपल्याच घरांतील महाविद्यालयीन मुले विचारीत आहेत. तसे असेल तर पश्चात्ताप कशाचा आणि प्रीती तरी कोणावर, असे त्यांनी पुढे विचारले म्हणजे आपण निरुत्तर होतो.

तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम ह्यांनी २००३ साली ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन शक्यतांपैकी एक तरी खरी असली पाहिजे, एवढेच त्यांनी त्यात मांडले. आपण आभासातच आहोत असे सिद्ध केले नाही. हे मुलांना अवश्य सांगावे. काही उत्साही बंधू त्या संगणकाच्या कर्त्यालाच देव म्हणू लागतात, ते मात्र मला पटत नाही. तो कर्ताही कोणीतरी निर्मिलेलाच असणार.

आता उपदेशकाचे पुस्तक उघडा. त्यात 'हेबेल' हा इब्री शब्द ३८ वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ. मराठीत आपण 'व्यर्थ' म्हणतो. ह्या देशात भाषांतरकाराला येथे 'माया' हा शब्द खुणावतो. मलाही खुणावला आहे. परंतु तो चालणार नाही. थंडीच्या सकाळी चहाच्या पेल्यावरील वाफ क्षणात विरते, तरी ती होती. हाताला तिची ऊब लागली. हेबेल म्हणजे न टिकणारे, मुठीत न मावणारे, नसलेले नव्हे. म्हणूनच तोच उपदेशक आनंदाने अन्न खाण्यास, प्रिय पत्नीसह सुखाने राहण्यास आणि हाती आलेले काम सर्व शक्तीने करण्यास सांगतो (उप. ९:७-१०).

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. आदामाच्या दुसऱ्या पुत्राचे नाव, हाबेल, इब्रीत ह्याच अक्षरांनी लिहितात. उत्पत्तीच्या पुस्तकात हाबेलाच्या तोंडी एकही वाक्य नाही, त्याच्या संततीचा उल्लेख नाही. नावाप्रमाणेच तो वाफेसारखा गेला. तरी त्याचे रक्त भूमीतून ओरडते आणि परमेश्वर ते ऐकतो (उत्प. ४:१०).

ती भूमी कशाची बनली होती? मातीची, की डेव्हिड चाल्मर्स २०२२ सालच्या आपल्या ग्रंथात शक्य मानतात त्याप्रमाणे संगणकीय अंकांची? तसे असले तरी वस्तू खऱ्याच राहतात, असे ते स्वतःच म्हणतात. काइनाला मात्र भूमीच्या घडणीविषयी काही विचारण्यात आले नाही. त्याला त्याच्या भावाविषयी विचारण्यात आले.