हसू परत देणारे डॉक्टर : डॉ. शरदकुमार दीक्षित



आपल्या बजाजनगरात कंपनीच्या कामासाठी गावोगावची कुटुंबं येतात. अशाच एका घरातलं मूल माझ्या पहिलीच्या वर्गात आलं. ओठ आणि टाळू दुभंगलेले. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, नुसता हात वर करायचं. आई म्हणाली, "मॅडम, पोटात असताना मी ग्रहण पाळलं नाही. माझंच चुकलं." तिला मी डॉ. दीक्षितांची गोष्ट सांगितली.

डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० साली पंढरपूरचा. अमेरिकेत ते प्लास्टिक सर्जन झाले. पण गाव विसरले नाहीत. १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन, स्वतःचे पैसे खर्च करून, ते गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया करू लागले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण... हजारो रुग्ण बरे झाले.

१९७८ मध्ये अपघात झाला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. पुढे घशाचा कर्करोग झाला, स्वरयंत्र काढावं लागलं. तरी व्हीलचेअरवर बसून त्यांची शिबिरं चालूच! स्वतःचा आवाज गेलेला माणूस मुलांचे ओठ शिवत होता. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांचं निधन झालं. लायन्स क्लबने आपल्या शहरातही अशी शिबिरं भरवली आहेत.

आपण काय करायचं?

ओठ दुभंगणं हा ग्रहणाचा परिणाम नाही, आईचा दोष तर नाहीच. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठ व टाळू नीट जुळून येत नाहीत, म्हणून असं होतं. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात, तर टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत करतात. उशीर झाला असेल तरी उपचार होतात, बरं का! शाळेत व अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना मोफत उपचारासाठी पुढे पाठवतं. पथक आलं की अशा मुलाला मागच्या बाकावर लपू देऊ नका. शस्त्रक्रियेनंतर बोलण्याचा सराव मात्र चिकाटीने घ्यावा लागतो.

आमच्या लेकराचीही शस्त्रक्रिया झाली. परवा हजेरीला पहिल्यांदा 'हजर' ऐकू आलं. अजून स्पष्ट नाही, पण आलं.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न :
१. डॉ. दीक्षितांना दरवर्षी परत यावंसं का वाटलं असेल?
२. वेगळा दिसणारा मित्र वर्गात आला तर तुम्ही कसं वागाल?